‘फवारू नका’ लिहिलेली पाटी

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा ‘माझी नोकरी’ हा विषय आहे. संपादिका शुभांगीताईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, “अहो, माझी नोकरी म्हणजे गवत. ते कोण वाचणार?” त्या म्हणाल्या, “सॉफ्टवेअरवर लेखांचा पाऊस पडलाय. गवत चालेल.” तेव्हा हे गवत.

शिकागोच्या पश्चिमेला, जिथे घरं संपून मक्याची शेतं सुरू होतात, तिथल्या एका काउंटीच्या रस्तेखात्यात मी कामाला होते. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच, पण आकाराने तालुक्याएवढा. माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. त्याचा अर्थ एवढाच, की रस्त्याच्या दोन्ही कडांना जे जे उगवेल ते माझ्या ताब्यात. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, “तुम्ही कुठल्या कंपनीत?” की मी रस्तेखातं म्हणायचे आणि समोरचा माणूस समोशाकडे वळायचा. नागपूरचा माझा भाऊ तर उघडच म्हणायचा, “म्हणजे शेवटी निंदणच ना? बाबांनी एवढं शिकवलं ते परक्या देशात निंदायला?” आमच्या आईने लग्नाआधी लोकांच्या शेतात मजुरीने निंदण केलं होतं. त्यामुळे या विनोदाला हसायचं की नाही, हे आमच्या घरात कुणालाच नीट ठरवता आलं नाही.

मी अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शिकले ते तणांबद्दलच. आमच्याकडचं गाजरगवत अमेरिकेच्या गव्हातून आलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. मुलाखतीत मी म्हटलं की तुमच्याकडून तण आमच्याकडे आलं, आता त्याची फेड म्हणून मी आलेय. साहेब हसले आणि मला नोकरी मिळाली. ते साल दोन हजार एक. मंडळातल्या निम्म्या मुलांच्या नोकऱ्या तेव्हा जात होत्या, आणि गवताला मात्र मंदी नव्हती.

आता काम काय ते सांगते. रस्त्याच्या कडेला गवत हवंच, नाहीतर माती वाहून चर बुजतात. पण ते वाढून चालत नाही. वळणावरची गाडी दिसली पाहिजे, पाट्या दिसल्या पाहिजेत, डांबराच्या फटीत मुळं शिरता कामा नयेत. हे साधायचे दोन मार्ग. एक, यंत्राने कापायचं. दुसरा, तणनाशक फवारायचं. कापायला माणसं लागतात, डिझेल लागतं आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं. फवारा एकदा मारला की उन्हाळाभर बघायला नको. म्हणून आमची काउंटी डांबराला लागून असलेली खडीची पट्टी दर वर्षी फवारून उघडी बोडकी ठेवायची, आणि त्यापलीकडच्या गवतावरही मे-जूनमध्ये सरसकट एक हात फिरवायची. यात गोम अशी, की उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी तणच येतं. चांगलं गवत मारून आपण तणाला अंगण सारवून देतो आणि मग तण आलं म्हणून पुन्हा फवारतो. मला नेमलं होतं ते ही फवारणी कमी कशी करता येईल ते बघायला. वरून तसा आदेश आला होता. आदेश येतात. पुढे काय, ते आदेशात नसतं.

फवाऱ्याच्या गाडीवर अर्ल होता. माझ्या जन्माच्या सुमारास तो या खात्यात लागला होता. उंच, वाकलेला, बोलायला महाग. सुनंदा हे नाव त्याच्या तोंडात बसेना, म्हणून तो मला ‘डॉक्टर’ म्हणायचा. मी डॉक्टर नव्हते, हे त्याला माहीत होतं.

“डॉक्टर,” तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, “तुझ्याआधी असेच दोघं आले होते. दोघंही आता दुसरीकडे आहेत. तण इथेच आहे.”

दुसऱ्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. फवारणी कशी चालते ते बघायला मी अर्लशेजारी गाडीत बसले होते. नव्या घरांच्या एका वसाहतीमागून आमचा रस्ता जात होता. घरांची परसदारं रस्त्याकडे, मधे चर, मग गवत, मग खडी. गाडीच्या बाजूला नळ्यांची दांडी, ती खडीवर बारीक तुषार सोडत चालली होती. पुढे वळणावर मला अबोली रंगाचं काहीतरी दिसलं. जवळ गेल्यावर कळलं की ते नऊवारी लुगडं आहे. लुगड्यावर स्वेटर, पायांत पांढरे स्पोर्ट्‌स शूज, आणि बाई खाली बसून खडीतून काहीतरी खुडतायत.

अर्लने खटका दाबून फवारा बंद केला. मी उतरून धावले. माझ्या अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाड चष्मा. आणि तोंडातून निघालं ते असं, “मावशी, टाका ते. आधी टाका खाली.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं बाई, तू आपल्यातली की काय?”

त्यांच्या ओच्यात घोळ होती. लाल देठांची, मांसल पानांची, कोवळी. वर थोडा चाकवत. आपल्याकडे बांधावर उगवते तीच घोळ इथे रस्त्याच्या खडीत उगवते, आणि अमेरिकेच्या तणांच्या पुस्तकात तिचं नाव वरच्या पानांवर असतं. फवारलेली घोळ लगेच मरत नाही. तीन-चार दिवस ती तशीच हिरवीगार दिसते. मारलेली आणि न मारलेली यांतला फरक तणांचं शिकलेला माणूसही ओळखू शकत नाही, मग या बाईंनी तो कसा ओळखायचा?

“कधीपासून तोडताय इथली?” मी विचारलं.

“आल्यापासून. डेव्हनच्या देशी दुकानांत मेथी मिळते, अंबाडी मिळते, घोळ काही मिळत नाही. इथं तर सडकेला फुकट. सुनेला गं, दिवस आहेत. रक्त कमी आहे म्हणून रोज करून घालते.”

आमची गाडी त्या रस्त्यावर त्या मोसमात आधीही एकदा येऊन गेली होती. अर्ल माझ्यामागे येऊन उभा होता. त्याला मराठी एक अक्षर कळत नव्हतं, पण ओच्यातली भाजी आणि माझा चेहरा यांवरून त्याला सगळं कळलं. त्याने टोपी काढली. का काढली, ते त्यालाही माहीत नसावं.

बाईंचं नाव लीलाबाई. श्रीगोंद्याच्या. मुलगा मंदार पुण्यात शिकून इकडे आलेला, सून अश्विनी, पहिलं बाळंतपण, म्हणून सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि तणनाशकाच्या पिंपावरचा मजकूर मंदारला वाचून दाखवला, म्हणजे अश्विनीच्या डॉक्टरांना नेमकं नाव सांगता येईल. डॉक्टर म्हणाल्या, घाबरण्यासारखं दिसत नाही, आपण लक्ष ठेवू. ‘लक्ष ठेवू’ या दोन शब्दांवर त्या घराने उरलेले महिने काढले. लीलामावशी कुणाशी बोलेनात. अश्विनी त्यांना म्हणायची, “आई, तुम्ही प्रेमानेच दिलंत ना,” आणि मग आत जाऊन रडायची. हे तिनेच मला नंतर सांगितलं. ऑक्टोबरात मुलगी झाली, सुखरूप. सई. काहीच झालं नाही. पण काही झालं नाही हे कळेपर्यंत जे झालं, ते मी पाहिलं आहे.

फवारणी कमी करणं हे तोवर माझ्यासाठी एक काम होतं, चार टेबलं ओलांडत जाणारं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे फक्त आपल्याकडे आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या खात्यात यावं. त्या जूननंतर माझ्या डोळ्यांसमोर अबोली लुगडं आलं आणि मी जरा बोचरं बोलू लागले.

पहिली मागणी मी साधी केली. टाकीत निळा रंग घाला. असा रंग मिळतो, निरुपद्रवी असतो, चार दिवस राहतो आणि पावसाने जातो. फवारलेली जागा निळी दिसली की माणूस हात लावणार नाही.

“नको,” साहेब म्हणाले. “आत्ता कुणाला कळत नाही. निळं दिसलं की फोन येतील.”

“फोन यावेत म्हणूनच.”

“मग ते तू घेशील?”

साहेब वाईट नव्हते. दमलेले होते. पुढे मीही तशीच झाले, म्हणून आता त्यांच्यावर राग धरवत नाही. रंग मिळाला नाही. मात्र त्यांनी दुसरी एक गोष्ट मान्य केली. शेजारच्या एका काउंटीत अशी पद्धत होती, की घरमालकाने सही करून द्यायची: माझ्या घरामागची रस्त्याची कड मी राखीन, गवत गुडघ्यावर जाऊ देणार नाही, घातक तणं वाढू देणार नाही. मग खातं तिथे फवारत नाही. दोन्ही टोकांना पाटी लागते, ‘फवारू नका’. राखणं जमलं नाही तर पाटी निघते आणि गाडी येते. पहिला तुकडा म्हणून मी अर्थातच मंदारच्या घरामागचा निवडला.

मंदारने हात जोडले. “ताई, प्लीज. गव्हर्नमेंटच्या कुठल्याच पेपरवर सही नको आत्ता. ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. कंपनीत लेऑफ चाललेत. उद्या कुणी काढलं की याच्या घरचे रोडवरचं गवत खातात, तर?”

“अरे, हा गवताचा कागद आहे. याचा व्हिसाशी काय संबंध?”

“तुम्हाला नाही माहीत ताई, सगळं कनेक्टेड असतं.”

त्या काळात आपली मुलं अशीच होती. गाडी जोरात चालवल्याचा दंड झाला तरी वकिलाला फोन. हसण्यासारखं नाही ते. ज्याचं सगळं आयुष्य एका कागदावर टांगलेलं असतं, तो दुसऱ्या कुठल्याही कागदाला घाबरतो. अश्विनी सईला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “घर माझ्याही नावावर आहे ना? ताई, पेन द्या.” मंदार उठून किचनमध्ये गेला आणि त्याने उगाचच डिशवॉशर रिकामा केला.

तर अशी पाटी लागली. खड्डा अर्लने खणला. खांब सरळ आहे की नाही ते एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, “एक वर्ष. फार तर दीड.”

ती सहा वर्षं टिकली, आणि तिच्यामागे आणखी बऱ्याच लागल्या. सगळं श्रेय पाट्यांचं नाही. खडीची पट्टी उघडी ठेवणं आम्ही बंद केलं, जिथे लोखंडी कठडे आहेत तेवढ्याच जागा ठेवल्या. सरसकट फवाऱ्याऐवजी पाठीवरच्या पंपाने नेमक्या तणावर मारू लागलो. कापायची वेळ बदलली, कारण तण बी धरायच्या आधी कापलं तर एका कापणीत काम होतं आणि बी धरल्यावर कापलं तर आपण स्वतः पेरणी करतो. चरांच्या उतारावर इथलं जुनं, खोल मुळांचं गवत लावलं. ते पहिली दोन वर्षं काहीच दिसत नाही. जमिनीखाली मुळं चाललेली असतात, वर नुसतं दरिद्री दिसतं. या दोन वर्षांत लोकांना थोपवून धरणं, हीच माझी खरी नोकरी.

लोक म्हणजे काय, त्याचा एक नमुना सांगते. एक निवृत्त गृहस्थ दर सोमवारी सकाळी फोन करायचे. मी त्यांना सोमवारकर म्हणायचे. त्यांच्या घरासमोरचं गवत आम्ही वाढू देतोय, तिथे आता साप येतील, उंदीर येतील, घरांच्या किमती पडतील. मी म्हणायचे, “बरं, फवारून टाकू?” लगेच ते म्हणायचे, “छे, माझा कुत्रा तिथे फिरतो.” फवारलेलं चालत नाही, वाढलेलं चालत नाही, कापायला गेलं तर यंत्राचा आवाज चालत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वर्षानुवर्षं ते असंच बोलले. एकदा मोठ्या आजारपणातून उठल्यावर त्यांचा फोन मंगळवारी आला तेव्हा मला हायसं वाटलं, हे इथे लिहून टाकते.

लीलामावशी आता दर उन्हाळ्यात येऊ लागल्या. बर्फाचे दिवस श्रीगोंद्यात, गवताचे दिवस इकडे. येताना बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी फडक्यात गुंडाळलेलं खुरपं. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं हे काय, तर म्हणाल्या, “गार्डन.” तेवढं एक इंग्रजी त्यांना पुरलं. सकाळी कोवळ्या उन्हात त्या आपला तुकडा निंदत बसायच्या. घोळ, चाकवत आणि राजगिरा राहू द्यायच्या, बाकीचं काढायच्या. आमच्या पुस्तकात ज्यांना तण म्हटलंय तेवढंच नेमकं मागे ठेवायच्या, पण ते गुडघ्याच्या खाली असायचं, आणि करारात गुडघा लिहिला होता. सई रांगायला लागली, चालायला लागली, त्यांच्यामागे फिरायला लागली. “आजी, is this घोळ?” “हो माझे आई, हीच.” तिच्या मराठीत तेवढे भाज्यांचे शब्द पक्के होते.

मला जेवायला थांबवायच्या. “ही तुझ्या पाटीमागची,” म्हणून वाटी पुढे करायच्या. मी खायचे नाही. सांगायचे, “मावशी, फवारा बंद केला म्हणजे ती भाजी झाली असं नाही. गाड्यांचा धूर बसतो, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, कुत्री फिरतात. तुम्हीही खडीतली खुडू नका, चराच्या अलीकडची घ्या.” त्या चराच्या अलीकडची घेऊ लागल्या, तीन पाण्यांनी धुऊ लागल्या. मी तरी खाल्ली नाही. “गवतावर तुझा विश्वास,” त्या म्हणायच्या, “माझ्यावर नाही.” मी हसून पोळी घ्यायचे.

मग तो पार्सनिपचा उन्हाळा आला. रानटी पार्सनिप म्हणजे गाजराच्या कुळातलं एक झाड. पिवळ्या फुलांची छत्री धरतं, छातीपर्यंत वाढतं. त्याचा चीक अंगाला लागला आणि वर ऊन पडलं, की भाजल्यासारखे फोड येतात. इथल्या माणसाला ते लहानपणी कुणीतरी शिकवतं. लीलामावशींनी ती पिवळी छत्री पाहिली आणि त्यांना वाटलं, हा तर फुलावर आलेला शेपू. पानं वेगळी होती, पण परदेशातला शेपू थोडा वेगळा असायचाच. वाढून गुडघ्यावर गेलाय, करार मोडेल, म्हणून त्यांनी भर दुपारी, उघड्या हातांनी, सगळा काढला. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात फोडांनी भरले.

मंदारने मला ऑफिसात फोन केला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. “ताई, आईला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिच्याकडे इन्शुरन्स किती आहे तुम्हाला माहीतच आहे. ती म्हणते, सुनंदाला सांगू नको, तिची पाटी जाईल. तुम्हीच सांगा आता मी काय करू.”

गोष्ट काउंटीच्या वकिलापर्यंत गेली. त्याचं म्हणणं एका वाक्यात होतं: रहिवाशांनी हाताने घातक तण काढायचं नाही. मग काढायचं कुणी? खात्याकडे माणसं नव्हती. माणसं नसतील तर पाट्या काढा आणि पूर्वीसारखं फवारा. साहेबांनी मला आणि अर्लला समोर बसवून हे सांगितलं. चार वर्षं मी ज्याच्यामागे लागले होते ते शेपूच्या एका गैरसमजाने संपणार होतं, आणि खरं सांगायचं तर मला एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. पुन्हा सोमवारकर नकोत, बैठका नकोत. फवारा, आणि घरी जा.

अर्ल खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ते तुकडे माझ्या रस्त्यांवर आहेत. पार्सनिप फुलं गळताना कापायचं, बी धरायच्या आधी. जिथे यंत्र जात नाही तिथे फावड्याने मूळ तोडायचं. मी जाता येता करीन.”

“तुझा विश्वास आहे यावर?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” अर्ल म्हणाला. “पण बाईच्या हातांना पुन्हा फोड नकोत.”

आणि त्याने केलं. जुलैच्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट, कातडी हातमोजे घालून तो चरात उतरायचा. ज्या माणसाने आयुष्यभर गाडीतून खटका दाबला, तो साठीत फावडं मारत होता. मी बरोबर जायचे तेव्हा लीलामावशी दारातून बघत बसायच्या. त्यांच्या हातांवर तपकिरी डाग राहिले होते. एकदा त्यांनी त्याच्यासाठी ताक पाठवलं. तो ते दूध समजून घटाघट प्यायला आणि मग म्हणाला, “डॉक्टर, यात मीठ आहे.” पुढच्या वेळी त्याने स्वतः मागितलं.

हे लिहिताना वाटतं की लेख इथेच संपवावा. पण दोन हजार आठ साल आलं. त्या उन्हाळ्यात डिझेल असं भडकलं की कापणीची यंत्रं फाटकाबाहेर काढण्याआधी साहेब दर वेळी हिशेब मांडून बघायचे. शरदात तर बँकाच बुडू लागल्या. काउंटीने काम ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. ठेकेदाराचा हिशेब सरळ होता: सगळे रस्ते, एकच फवारा, मधे पाट्या वगैरे नाहीत. थांबत थांबत गेलं की वेळ जातो. ज्या बैठकीत हे ठरलं तिथे मी कापण्याच्या वेळा, मुळांची खोली, सारवलेलं अंगण, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा पालथा नव्हता, भरलेला होता. त्यात आणखी काही मावत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, निदान रंग घाला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि ठेक्यात ती एक ओळ लिहून घेतली. फवारा निळा असेल. फोन आले तर ठेकेदाराला जातील.

अर्ल त्याआधीच्या वसंतात निवृत्त झाला होता. पाट्या काढायला मी एकटीच गेले. पहिली लावली होती ती शेवटी काढायची ठरवली.

लीलामावशी ओट्यावर बसून घोळ निवडत होत्या. मी सांगितलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात गाडी येईल, सगळीकडे मारतील, आता इथली खुडायची नाही, चराच्या अलीकडची पण नाही, या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. त्यांनी निवडणं थांबवलं नाही. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

“ऐकलं गं. तुझी नोकरी राहिली ना?”

“राहिली.”

“मग झालं. आज जेवूनच जा.”

मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी केली. वाटी पुढे केली नाही. सवयच सुटली होती त्यांची. मीच हात लांब करून वाढून घेतली. सई माझ्याकडे बघत म्हणाली, “आजी, she’s eating it.”

आंबूस लागते घोळ, बुळबुळीत. आमची आई निंदणाहून येताना ओटीतून आणायची ती हीच. मालक म्हणायचा, नेऊन टाका तण. आई ती घरी आणून शिजवायची. आईबद्दलची ही गोष्ट मला ठाऊक होती, पण मी ती कधी जिभेवर आणली नव्हती, सहा वर्षं समोर वाटी येत असताना. मला रडू आलं. लीलामावशींनी पाणी पुढे केलं. डाग पडलेला त्यांचा हात बराच वेळ माझ्या पाठीवर होता.

मग मी जाऊन पाटी काढली. खांब हलेना. अर्लने तो फार खोल पुरला होता, एक वर्षासाठी.

पुढच्या आठवड्यात ठेकेदाराची गाडी फिरली. मी ऑफिसातून घरी जाताना मुद्दाम त्या रस्त्याने गेले. खडीची पट्टी आणि चराचा उतार, लांबपर्यंत निळे. आमच्या घरी निळा म्हणजे चौदा एप्रिल, बाबांच्या हातातला झेंडा, नवे कपडे. मी गाडी न थांबवता पुढे गेले. त्याच संध्याकाळी लीलामावशींचा फोन आला.

“निळं दिसतंय बरं का. हात नाही लावला. फिरायला पलीकडच्या बाजूने गेलो आम्ही. पण ही सई विचारतेय, आता घोळ कुठं जाईल? काय सांगू तिला?”

“सांगा, कुठं जात नाही म्हणावं. बी जमिनीत राहतं, वीस-वीस, तीस-तीस वर्षं. फवारा बंद झाला की पुन्हा येते. ही समजूत नाही मावशी, शास्त्र आहे. थांबायला हवं फक्त.”

त्यांनी सईला ते सगळं समजावून सांगितलं, मला फोनमधून ऐकू येत होतं. मग पुन्हा फोनवर आल्या.

“तिला पटलं,” त्या म्हणाल्या. “ती थांबेल. माझं तेवढं बघ काहीतरी.”

त्या तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या, आणि त्यांचं परतीचं तिकीट दिवाळीच्या आधीचं होतं.